बारा रेघा

रामटेकडीच्या शेडमध्ये सकाळी साडेसातला
पत्र्याला अजून गारवा असतो
आणि बँडसॉचं पातं दोन चाकांवर लोंबत असतं,
नाडी सुटल्यासारखं.

दस्तगीरचाचा आधी दात बघायचे, बोटाने,
उलटे तर नाहीत ना.
मग ताणाचं चाक फिरवायचे
आणि वरच्या मोकळ्या भागावर
नखाने टिचकी.

टण्ण.
"नाही अजून."
अर्धा फेरा.
टणन्.
"आता बोललं."

मी औंधच्या आयटीआयमधून आलेली, वहीत उतरवून घेणारी:
सैल राहिलं तर काप भरकटतो,
तोंडाशी सरळ, तळाशी तिरका.
फार ताणलं तर सांध्यापाशी तडकतं,
वेल्डिंगची निळी खूण असते तिथेच.
मग मधलं कुठे?
मधलं वहीत मावत नाही, चाचा म्हणाले,
कानात ठेव.

त्या मार्चमध्ये ते टिचकी मारून
माझ्या तोंडाकडे बघू लागले.
"काय गं वैजू, बोललं का?"
मला वाटलं, परीक्षा घेतायत.
शेजारी पॉवर प्रेस धाडधाड, दारात टेम्पो रिव्हर्सला.
मी म्हणाले, हो.

पंपाचे शाफ्ट होते, ईएन-आठ, पासष्टचा गोल.
चाळिसातले अकरा तिरके निघाले.
बागमारशेठनी गुण्या लावला,
फटीतून पलीकडची ट्यूबलाइट दिसली.
चाचा काही बोलले नाहीत.
कूलंटचा नळ उगाच उघडला, बंद केला.
बंद केल्यावरही तो ट्रेमध्ये टपटपत होता
आणि ते वळून बघत नव्हते.

तेव्हा कळलं.
छत्तीस वर्षं त्यांनी लोखंड कापलं,
लोखंडाने त्यांचे कान.

भंगारात एक व्हर्नियर होता, जबडा मोडलेला.
त्याचे दोन चिमटे केले, मध्ये सव्वाशे मिलिमीटर,
वर स्टोअरमधला जुना डायल.
सैल पात्यावर आवळायचा, काटा शून्यावर,
मग ताणायचं. बारा रेघांपर्यंत.
एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.
बाराच्या बारा मिळून
वहीच्या पानाहून जरा जाड.

"माझ्यासाठी केलाय," मी म्हणाले,
"मला या गोंगाटात ऐकू येत नाही."

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला.
काटा बारावर थांबला.
त्यांनी तरी टिचकी मारलीच,
आणि मशीनच्या पाठीवर तळवा ठेवून उभे राहिले,
बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.
बराच वेळ.
"बोललं," म्हणाले.
मग डायलकडे बघून, "हाही बोलतो. पुटपुटतो जरा."

शाफ्ट पुन्हा लावले. पातं नवं, म्हणून फीड निम्मा.
पहिला तुकडा ट्रेमध्ये पडला तेव्हा
गुण्याखाली उजेड नव्हता.

सहाला चाचा ताण सोडतात, पाच उलटे फेरे.
रात्रभर ताठ ठेवलं तर पातंही थकतं, चाकंही.
मग झाकणावर खडूने लिहितात,
सकाळी जो कोणी आधी येईल त्याच्यासाठी:
ढिलं आहे.
त्याखाली मी लिहिते: १२.
ते पुसतात, आणि पुन्हा लिहितात.
माझा दोन त्यांना आवडत नाही.