मूठभर माती

निळ्या ड्रमात दोनशे लिटर पाणी,
डांगी गाईचं शेण,
आणि पहाटे बादली घेऊन तिच्यामागं
उभं राहून मिळवलेलं गोमूत्र. ती आपल्या मर्जीची.
गूळ काळाच घ्या, म्हणाला वणीचा दुकानदार,
पिवळा नुसता देखणा.
बेसन घरातलंच ओतलं,
त्या आठवड्यात पिठलं झालं नाही.

राहिली मूठभर माती.
बांधावरची हवी, जिथं फवारा कधी पोचला नाही.

आमचा बांध एकच.
त्यावर उंबर, उंबराखाली मोजणीचा दगड,
आणि दिंडोरीच्या कोर्टात नऊ वर्षं तारखा.

पलीकडं सुकदेव भाऊजी छाटणीच्या काड्या वेचत होते.
मला घमेलं घेऊन आलेली पाहून
कमरेवर हात ठेवून सरळ झाले.
"माती पाहिजे. मूठभरच."
बराच वेळ काही नाही.
मग त्यांनीच खुरप्यानं पाला सारला,
मुळाशी उकरलं, बोटभर खोल, ओलसर.
"वरची नको. वरची उन्हानं मेलेली."
एवढंच.

ड्रमवर गोणपाट.
सकाळ-संध्याकाळ काठी फिरवते, एकाच दिशेनं.
दुसऱ्या दिवशी फेस,
तिसऱ्या दिवशी आंबूस-गोड वास पार चुलीपर्यंत.
कान लावला तर आत बारीक चुरचुर,
जशी तव्यावर जिरं टाकल्यावर, पण थंड.

ड्रम एका एकराचा. आमचं रान पाऊण.
उरलं ते आठवड्यात वापरलं नाही
तर नुसतं घाण पाणी.

दोन बादल्या भरून बांधाशी ठेवल्यात.
वर झाकण, झाकणावर दगड.
पुढची तारीख सोमवारी.
आज गुरुवार.