दोन बोटं खाली

नवाबागेत मला सगळे पेंटर म्हणतात.
एकदा पत्रावरही तेवढंच होतं,
'पेंटर, मच्छीमार सोसायटीच्या मागे',
आणि पत्र पोचलं.

होड्यांवर मी सगळ्यांची नावं काढतो.
देवाचं मोठं, मालकाचं त्याहून जरा लहान,
सरकारी नंबर ठरल्या मापात,
कर्ज दिलेल्या बँकेचंसुद्धा, मागच्या अंगाला.
माझं कुठे घालायचं, हा प्रश्नच कधी आला नाही.
ऑइलपेंट महाग, आणि फळी तेवढीच.

ती वागळी मी गोविंद मेतराच्या होडीवर काढली,
नारळी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी,
ताडपत्रीखाली ओणवा बसून.
निळे पंख, वर पिवळे ठिपके,
शेपटी नाळेपासून पार मागे.
डावा डोळा जिथे यायचा तिथे बोल्ट होता.
आदल्या साली खडकाला लागून फुटलेली फळी
पत्रा मारून जोडलेली.
बोल्टावर रंग धरत नाही,
म्हणून डोळा दोन बोटं खाली घेतला.
गोविंद म्हणाला, "पेंटरा, ही माझ्या सासऱ्यासारखी बघता."
निम्मे पैसे दिले त्याने, निम्म्याचं म्हावरं.

जानेवारीत किनाऱ्यावर महोत्सव.
पुण्याचा बँड, पोरं चांगली होती दिसायला.
साडेनऊला मागचा पडदा उजळला
आणि चाळीस फुटांची वागळी.
ठिपके मोजले. एकोणीस. तेवढेच.
आणि डावा डोळा खाली.

तिथे बोल्ट नव्हता, पत्रा नव्हता.
उजेडाच्या पडद्याला
खडक कधी लागला होता?

ड्रमच्या ठोक्यागणिक तिचे पंख हलत होते.
मला ते कधी हलवता आले नव्हते.
खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.
बाजूला टेबलावर बनियनी होत्या, तिच्याच,
साडेचारशेला एक.
माझ्या मापाची संपली होती.

गाणारा मध्येच थांबला. आभार मानू लागला.
लाइटवाल्याचे, साउंडवाल्याचे,
जेवण घालणाऱ्या काकूंचे, त्यांच्या सोलकढीचे,
"आणि या समुद्राचे, ज्याने आम्हाला ही वागळी दिली."
मी मागे वळून समुद्राकडे पाहिलं.
भरती होती. कामात होता.

मंचामागे गेलो. दोरीपाशी एक पोरगा, हातात वॉकीटॉकी.
"काका, बँड?"
मला वाटलं बँडबद्दल विचारतोय,
म्हणून सांगायला लागलो: गोविंदाची होडी, ताडपत्री, बोल्ट.
तो मनगटाला बांधायचा कागदी पट्टा मागत होता.

तसं वागळीला मीही विचारलं नव्हतं.
सात वर्षांचा असताना लिलावात पाहिली होती,
वाळूवर, अजून धपापत असलेली.
बाबली तांडेलाच्या जाळ्यातली.
कुणी विचारलं तर एवढं मी सांगतो:
बाबली तांडेलाच्या जाळ्यातली.

फेब्रुवारीत रॉकी फर्नांडिसने नवी होडी आणली,
फायबरची. ना फळी, ना सांधा.
म्हणाला, "ती बँडवाल्यांची वागळी काढ हेच्यार.
जमतली मा तुका?"

दोन दिवस लागले.
फायबर गुळगुळीत, ब्रश कुठे अडखळतच नाही,
हाताने आपोआप दोन्ही डोळे एका रेषेत घेतले.
पहिल्यांदाच, मनात होती तशी.

रॉकीने मोबाईल काढला. फोटोकडे बघितलं, होडीकडे बघितलं.
"डोळो चुकलो, पेंटरा. तेंचो बघ, खाली आसा."

चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवली, डोळा पुसला.
आणि जिथे बोल्ट असायला हवा होता
तिथे बोट टेकवून बसलो थोडा वेळ.
रॉकीला वाटलं, मला नीट दिसत नाही.
त्याने मोबाईल
माझ्या आणखी जवळ धरला.