हात, एक जोडी

पडद्यावर ज्या हातांनी अकरा वर्षं
घराघरांत अळूवडी गुंडाळायला शिकवली
ते माझे.
चेहरा हेमलता गुप्तेंचा. आवाज, साडी, हसू त्यांचं.
कॅमेरा पातेल्यात डोकावला की
त्या बाजूला होत आणि मी आत शिरे,
कोपरापासून पुढे, तेवढीच.

रबाळ्याला थर्माकोलच्या बंद कारखान्यात सेट होता.
मी घणसोली गावातून चालत जाई.
मेकअपवाला हातांवर पावडर थापायचा, रंग जुळेपर्यंत.
बाई तांदळाच्या पिठीसारख्या,
मी नाचणी.
मग त्या साबण लावून आपल्या बांगड्या उतरवत
आणि स्वतः माझ्या हातात चढवत.
कोमट असायच्या बांगड्या.
व्हाउचरवर माझं नाव नसे.
"हात, एक जोडी. रुपये साठ."
खालच्या ओळीत कोथिंबीर.

बाई मूळच्या ठाण्याच्या, चरईतल्या.
आधी शेतीच्या कार्यक्रमात कीटकनाशकांची नावं वाचायच्या,
अशी, की किडीनेही थांबून ऐकावं.
मग लॉटरीची सोडत.
मग सासू-सुनांची प्रश्नमंजूषा, बक्षीस प्रेशर कुकर.
त्या कुकरवरूनच कुणाला तरी वाटलं
की बाईंना स्वयंपाक येत असणार.

येत नव्हता.
वालाचं बिरडं तेवढं यायचं,
आणि तेही वाल सोलून दिले तर.

वाटीमागे गरम पाण्यातला कापूस ठेवला की वाफ.
भज्यांवर ब्रशने तेल फिरवलं की कुरकुरीत.
आइस्क्रीम म्हणजे कुस्करलेला बटाटा,
मी एकदा चमचा भरून तोंडात घातला
तेव्हा बाई हसता हसता स्टुलावरून घसरल्या,
आणि शूटिंग अर्धा तास थांबलं.
पापलेटच्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.
मी पोट फाडलं, गाबोळी अख्खी काढली,
त्या कॅमेऱ्यामागून बघत राहिल्या,
ओठ हलवत, पाठ केल्यासारख्या.

पुढे मसाल्याच्या पाकिटावर त्यांचा फोटो आला,
नमस्कार करताना.
मी निरखून पाहिलं. हात त्यांचेच होते.
मग ठाण्यात नगरसेवकपदाला उभ्या राहिल्या, निशाणी कपबशी.
माझं मत खाडीच्या अलीकडे, काय उपयोग.
अनामत गेली.
मग रात्री दीड वाजता कुठल्याशा चॅनलवर
गोमेद आणि पुष्कराज विकू लागल्या.
मी पाणी प्यायला उठले की लावायची,
आवाज बंद करून.
खडा चिमटीत धरताना बोटं थरथरायची.

माझी नातवंडं मला चिडवतात,
आमटी उतू जायला लागली तरी मी म्हणते,
"मंद आचेवर, मैत्रिणींनो."

परवा वाशीला बचत गटांच्या प्रदर्शनात
बाई आल्या होत्या.
आता भाचा मोबाइलवर चित्रण करतो
आणि सगळं त्या स्वतःच करतात.
पापलेट चिरलं. गाबोळी फुटली.
बाई म्हणाल्या, "असं करायचं नाही," आणि टाळ्या घेतल्या.
मग रस्सा ढवळला
आणि पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटली,
अंगठ्याने कड पुसली, अंगठा पदराला.

मी तिसऱ्या रांगेत उठून उभी राहिले.
ही खोड माझी.
माझ्याही आधी माझ्या आईची,
बेलापूरच्या मिठागरावर, वीस माणसांच्या हंड्यापाशी.
दिग्दर्शक ओरडायचा तिच्यासाठी. आवाज येतो, म्हणायचा.

कार्यक्रम संपल्यावर मसाल्याचं पाकीट घेऊन रांगेत लागले.
सही हवी होती, की नुसतं जवळ जायचं होतं,
सांगता येणार नाही.
बाईंनी चष्मा शोधला, सापडला नाही.
"नाव?" म्हणाल्या, खाली बघतच.
मी पाकीट पुढे केलं.

पेन थांबलं.
त्यांनी माझं मनगट उलटं केलं, सुलटं केलं,
बाजारात वांगं बघावं तसं.

"हा डाग आधी नव्हता," म्हणाल्या.
"कुठे भाजलंस?"