टंच

तेवीस वर्षं सेलमच्या एका बोळात
मी सोनं गाळलं.
मूस, टाकणखार, तेजाबाचा पिवळा धूर.
सराफांच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा
पोत्यानं विकत घेऊन धुतली
आणि तळाशी उरेल त्यावर घर चालवलं.
दगडावर एक रेघ ओढली की सांगायचो:
एक्याण्णव, साडेएक्याण्णव टंच.
चुकलो तर पदरचं भरायचो.
फारसं भरावं लागलं नाही.

मग आटपाडीच्या खाली तीन एकर माळ घेतला,
निम्मा मुरूम, निम्मा खडक,
सातबाऱ्यावर नाव, विहिरीत चार आणे हिस्सा,
आणि खरसुंडीच्या बाजारातून चार गाई.
दोन खिल्लार, दोन जर्सी.
दलालानं रुमालाखाली माझी बोटं दाबली,
मी त्याची दाबली,
सौदा कितीला तुटला
हे मला पैसे मोजताना कळलं.

कोंडाक्का बांध ओलांडून आली,
काजळी गाईचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढून म्हणाली,
"चार दाती म्हनला व्हय तुला?
जुळून हिला पाच वर्सं झाली."
मग शिंगावरची वळी एकेक मोजून दाखवली,
मी गिऱ्हाइकाला रेघ दाखवायचो तशी.
"तुझा कसाचा दगुड कुठं ठेवलास रं?"

कासरा आवळून धरला तर तळहात सोलला,
सैल सोडला तर गाय शेजारच्या डाळिंबात.
गोचीड कानामागं बघायची, शेपटीखाली बघायची,
हे कुणी सांगत नाही.
गाय सांगते, लाथेनं.
विकतचा कडबा अख्खाच टाकला,
निम्मा त्यांनी पायाखाली तुडवला,
तेव्हा कुट्टीचं यंत्र आलं.
एक जर्सी माजावर आली, मला कळलं नाही,
एकवीस दिवस थांबलो,
तेव्हाही रात्रीचा झोपून राहिलो.
फक्त शेण वाया गेलं नाही.
धूळ धुणाऱ्याला ते शिकवावं लागत नाही.

त्या साली पावसानं ओढ दिली.
ज्वारीच्या खोडव्याला तेवढे कोंब फुटले,
गुडघ्याच्याही खाली, पोपटी, लुसलुशीत.
मला वाटलं, फुकटचा चारा.
चौघींची दावी सोडली
आणि बाभळीखाली बसलो मालकासारखा.

कोंडाक्का लुगडं खोचून पळत आली,
"आरं किराळ हाय त्ये! हाकल! आधी हाकल!"
काजळी तोवर गुडघ्यांवर आली होती,
तोंडाला फेस, श्वास भात्यासारखा.
डॉक्टर मोटारसायकलवरून आले,
शिरेत सुई दिली, एकीला, दुसरीला, तिसरीला.
चौथीपाशी गेले आणि
सुई परत पेटीत ठेवली.

हात धुताना म्हणाले,
"कोवळ्या ज्वारीत सायनाइड असतं. माहीत नव्हतं?"

माहीत होतं.
सेलमला ते माझ्या मागच्या फळीवर असायचं,
बाटलीवर कवटी, कपाटाला दोन कुलपं,
चावी जानव्यासारखी अंगावर.
पोरांना सांगायचो, तिकडं तोंड करून शिंकूसुद्धा नका.
तेवीस वर्षं त्याच्यापासून हात जपला
आणि इथं त्याच हातानं
दावं सोडून दिलं.

माळाच्या टोकाला खड्डा घेतला,
खाली मीठ, वर मीठ, मग माती.
कोंडाक्कानं शिंगांना हळद लावली, काही बोलली नाही.
फसवलं दलालानं होतं.
ती बिचारी दीड लिटर तर दीड लिटर,
रोज देत होती.

आता डेअरीत फॅट चारच्या वर लागली
तर पावती उजेडाकडं धरून बघतो.
जुनी खोड.
सदबाचा रात्री सेलमहून फोन येतो,
ग्रॅमचा भाव सांगतो,
भट्टी तशीच आहे म्हणतो, ये परत,
तुझ्यासारखा टंच कुणाला काढता येत नाही.
मी गोठ्यात असतो.
एका हातात फोन,
दुसरा कोशीच्या उजव्या कुशीवर,
सातवा सरतोय तिला,
डॉक्टरांनी दाखवलेल्या जागी दाबून धरलेला.

"ऐकतोयस ना?" सदबा विचारतो.

गप, मी म्हणतो.
जरा गप रहा.