पाणी तुटता कामा नये

हातमोजे आधी. मग बाकीचं सांगते.
दोन्ही घाल. उजव्याला भोक आहे, ते बदलून घे,
स्टोअरवाला कुरकुरेल. कुरकुरू दे.

हे हँडल चाकणच्या पार्टीचं. ओतीव ॲल्युमिनियम.
दिसायला शहाणं, पोटात वारा.
तसंच रंगवलंस तर भट्टीत ढेकर देतं
आणि पावडरीला फोड येतात, कांजिण्या आल्यासारखे.
म्हणून तेल पुसायचं आणि एकदा नुसतंच भाजायचं.
दस्तगीरभाई म्हणतात, आधी त्याला बोलून घेऊ दे,
मग कपडे चढवायचे.

पहिल्या टाकीत साबण. मग पाणी.
मग कॉस्टिक. तिथे वाकून उभी राहू नकोस.
ते धातू खातं, खाताना फसफसतं,
आणि बाहेर काढावं तर तुकडा काळाठिक्कर.
पहिल्या दिवशी मी रडले होते इथेच,
वाटलं, अख्खा लॉट जाळला आपण.
ती काजळी त्याची स्वतःचीच असते, प्रांजल.
ॲसिडमध्ये उतरते. मग परत पाणी.

आता हे बघ.
तुकडा तिरपा धर. पाणी कसं ओघळतंय?
चादरीसारखं, एकसंध, कुठेही न फाटता, तर पास.
थेंब थेंब सुटे झाले
तर पाणी तुटलं म्हणायचं.
म्हणजे कुठेतरी तेल आहे, डोळ्याला न दिसणारं.
मोती दिसतात छान. पण मोती आपल्याला नकोत.
तुटलं की परत पहिल्या टाकीत,
घड्याळात किती वाजलेत ते बघायचं नाही.

पवनेचं पाणी असलं तर बरं. टँकरचं आलं
की सुकल्यावर पांढरे ठिपके.
म्हणून शेवटची टाकी त्या प्लांटमधल्या पाण्याची.
ते पिऊन पाहिलंय मी. चवच नाही.

सुकलं की आट्यांना लाल बूच. सहाचे या डब्यात,
आठचे त्या श्रीखंडाच्या.
एक भोक राहिलं तर तिकडे बोल्ट बसत नाही
आणि इकडे फोन वाजतो.

तीन वर्षांपूर्वी वाजला होता.
चारशे चाळीस तुकडे परत.
एकाच्या पाठीवर, राखाडी रंगाखाली, अंगठा.
गुरुवारच्या सुट्टीचा आदला दिवस होता,
मोजे काढून डबा आवरत होते,
हुकावरून एक निसटला आणि मी पकडला.
पकडला, एवढंच.

दस्तगीरभाईंनी कुणाला ओळीत उभं केलं नाही.
नुसता तो तुकडा उजेडात फिरवला.
ठशात रेषा नव्हत्या.
गुळगुळीत लंबगोल, आणि मधून तिरपा चिरा.
हा चिरा. बघ. कडा घासायच्या पात्याचा.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
रंग काढून परत घ्या सगळे.
आणि तो एक भंगाराच्या पिंपात टाकला.

आता याच्यावर हसशील.
इंद्रायणीनगरला रेशनच्या दुकानात
ते मशीन माझा अंगठा घेत नाही.
पदराला पूस, दाब, परत दाब,
जुळत नाही, जुळत नाही.
सतरा वर्षं या टाक्यांशेजारी.
दुकानदार म्हणतो, खुडेबाई,
तुम्ही तुम्हीच कशावरून?
मागे रांग. मी काय दाखवू?

आणि याने एका निसटत्या बोटात ओळखलं होतं,
वरून दोनशे डिग्रीत भाजूनही
सोडलं नव्हतं.

पिंप रिकामं व्हायच्या आधी मी तो काढला.
घरी आहे. स्वयंपाकघराच्या कपाटाला, हँडल म्हणून.
साखर घेताना रोज हात तिथेच पडतो.
हे भाईंना सांगू नकोस.
त्यांना माहीत असेल, तरी सांगू नकोस.

मोजा बदललास? बरं. हा घे.
तिरपा धर. अजून थोडा.
वरचं छान उतरतंय.
खालच्या कडेला बघ, बुचाच्या भोकापाशी.

तुटलं.

चल, परत.