पर्यंत

सकाळी दहाची मीटिंग. पुण्याच्या सात चौकटी, आठवी मी.
तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला,
हात हवेत, चोरी करताना पकडल्यासारखा.
"हर्षाली, तू गोठलीयेस," कुणीतरी म्हणालं.
बाहेर मे महिना, सेहेचाळीस अंश.
अख्ख्या भुसावळात गोठलेली मी एकटीच.

राउटर खिडकीत होता, तिथून फ्रिजवर नेला,
फ्रिजवरून माठाशेजारी,
मग कूलरसमोर स्टुलावर बसवला, लांबून आलेल्या पाहुण्यासारखा.
बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला.
लाल दिवा लुकलुकत राहिला.

अण्णा, माझे सासरे, रेल्वेत एकतीस वर्षं पॉइंट्समन,
पेपर खाली न घेता म्हणाले,
"लाल हाये ना? मग थांब."

ललित झोपेंना फोन लावला.
आडनावावरून कुणाला बोलू नये,
पण सहाव्या रिंगला उचलला आणि आवाज उशीतून आला:
"वरूनच स्लो येऊ ऱ्हायलं ताई."
मी वर बघितलं.
वर कडुलिंब, त्यातून ओवलेली आमची वायर,
वायरीला लोंबकळत वानराचं एक पिल्लू,
झोक्याला कुणी धक्का देईना म्हणून कंटाळलेलं.

दुपारी एक फाईल पाठवायला लावली. अठरा टक्के.
गच्चीवर भारंबेकाकूंचे बिबडे टाकून झाले होते.
एक बाजू वाळली, आम्ही दोघींनी ते उलटले,
दुसरी बाजू वाळली,
काकूंनी एक ओलसर बिबडा मला खायला दिला, एक पुन्हा दिला.
खाली आले. एकोणीस.

बिलावर लिहिलंय: शंभर एमबीपीएस पर्यंत.
पर्यंत!
असं तर मीही म्हणू शकते,
पगार लाखापर्यंत, उंची छतापर्यंत.

नव्या कंपनीला बोलावलं.
नवा निळा टी-शर्ट घालून मुबीन आला,
तोच मुबीन, झोपेंकडूनही हाच येतो,
शिडीही तीच, तिसरी पायरी सुतळीनं बांधलेली.
"दोन्हीकडे मीच आहे ताई," तो लाजून म्हणाला,
"सोमवार ते गुरुवार तिकडं."
अण्णांनी आता पेपर खाली घेतला.
"रूळ वेगळा हाये का रे?"
मुबीननं कान खाजवला. "खांबापर्यंत तोच, काका.
पुढं वेगळा."

अख्खा देश इथं येऊन गाडी बदलतो.
चार मिनिटांत, डोक्यावर बॅग, कडेवर पोर,
पाच नंबरवरून दोनवर.
आणि मला एक वायर बदलवेना.
त्यात हेही आठवतं:
लॉकडाउनमध्ये झोपेंनी चार महिने पैसे मागितले नाहीत.
पाचव्या महिन्यात मात्र सगळे एकदम मागितले.

नवरा गाडीवर होता, इटारसीला.
विचारलं तर म्हणाला, "तुला वाटेल ते कर,"
आणि तेवढ्यात कॉल तुटला.
हे त्याचं मत होतं की नेटचं, कळलं नाही.

रात्री तीनला जाग आली.
स्टुलावरचा दिवा हिरवा, एकदम ठाम.
सहज मोजलं तर चौऱ्याण्णव!
गाव झोपलेलं, मालिका झोपलेल्या,
शेजारच्या पोराचा बंदुकीचा गेम झोपलेला.
दुपारची फाईल पुन्हा लावली.
बोट उचलायच्या आत गेली.
नंतर एवढा मोठा वेग समोर पसरलेला
आणि माझ्याकडे पाठवायला काही नाही.

यार्डाकडून एक मालगाडी निघाली,
बराच वेळ नुसती जातच राहिली.
पलीकडच्या खोलीतून अण्णा खोकले.
"हिरवा झाला का वं?"
"झाला."
"मग काय बघू ऱ्हायली?"

नव्या कंपनीचा फॉर्म फ्रिजवर, लिंबाच्या मॅग्नेटखाली.
नाव भरलंय, पत्ता भरलाय, आधार नंबरही.
खाली एकच ओळ कोरी:
जुनी सेवा सोडण्याचे कारण.
जेमतेम दीड इंच जागा.
मी पेन घेऊन तिथपर्यंत आले.