दोन बोटं

डोळे मिटा, इलियासभाई.
सांगा, टोचतंय की बोथट?

आधी गालावर. गाल हे आमचं प्रमाण.
गालाला कळतं तसं खाली कळतंय का
एवढंच विचारते मी अडीच वर्षं,
दर सहा आठवड्यांनी, एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर.
खाली गल्लीत कुणीतरी गाद्या पिंजत असतं.

आई पिना बांगडीत अडकवून ठेवायची,
पदराला, झोळीला, तुटलेल्या चपलेला तीच एक पीन.
मी मात्र माणसागणिक नवी उघडते
आणि टोचून झाली की पांढऱ्या डब्यात टाकते.

गळ्याखाली. टोचतंय.
छातीवर. टोचतंय.
बरगडीशी. टोचतंय हो बाई, किती वेळा सांगू!
बेंबीशी.
बेंबीशी ते गप्प होतात.
मी बॉलपेनने रेघ मारते.

नळस्टॉपला होर्डिंगवर चढले होते,
साड्यांच्या सेलचा फ्लेक्स ताणायला.
एक दोरी सुटली, वाऱ्याने शीड केलं.
"पडलो कुठं, बाईच्या पदरावरून घसरत आलो,"
हे ते प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगतात
आणि डॉक्टर हसेपर्यंत थांबतात.

आमच्या सोमणसरांना 'वायर तुटली' म्हटलेलं चालत नाही.
वायर जोडता येते, म्हणतात.
ही करंगळीएवढी जाड, जेमतेम हातभर,
दहीभातासारखी मऊ.
शरीर घाईघाईने जखम बुजवतं
आणि बुजवलेली जागाच भिंत होते.
त्या भिंतीला भोक पाडणारं औषध
उंदरांना लागू पडलं होतं.
माणसांत निम्म्यांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी,
कुणाला काय ते पाकिटात बंद.
मला माहीत असतं
तर माझी पीन खोटं बोलली असती.

कधी कधी मी टोचतच नाही, नुसतं विचारते.
नियमातच आहे ते,
तरी खिशात हात घातल्यासारखं वाटतं.

एकोणिसाव्या खेपेला रेघेखाली गेले.
टोचतंय की बोथट?
"टोचतंय."
आता?
"बोथट."
आता?
"आता तुम्ही काहीच केलं नाहीत, बाई."

दहातले आठ बरोबर आले तर मोजायचं. नऊ आले.
बेंबीखाली दोन बोटं.
स्वर्ग उरतो म्हणतात तेवढंच अंतर,
पण मला फॉर्ममध्ये फक्त एक आकडा भरायचा होता
आणि चेहरा कोरा ठेवायचा होता.

मार्चमध्ये पाकिटं उघडली.
मीटिंगला चिवडा होता, कुणी घेतला नाही.
दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.
सोमणसर चष्मा पुसत राहिले, बराच वेळ, एकच काच.
मी यादीत एकतीस नंबर शोधला:
मिठाचं पाणी.

दोन बोटं कुठून आली मग?
सरासरीत ती कुठं दिसत नाहीत.
सूज उतरली असेल, सर म्हणाले,
आपोआप होतं थोडं कधी कधी.
आपोआप. अडीच वर्षं
मी या शब्दाविरुद्ध पिना टोचत होते.

फोन मीच केला. सगळं सांगितलं.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.
मग म्हणाले,
"म्हणजे मी मिठाला जागलो म्हणा ना."
मला हसू आलं नाही. त्यांना आलं.

"तुमच्या कागदावर नसू दे, बाई.
लेंग्याची नाडी सकाळी मी बांधतो,
दुपारी गाठ सरकून डावीकडे येते.
पूर्वी खाली बघावं लागायचं.
आत्ता तुमच्याशी बोलतोय ना,
आत्ता डावीकडे आहे."

सोमवारी नवी तुकडी येतेय, औषध दुसरं.
मी डबा धुतला, पिना मोजल्या.
रात्री डोळे मिटून
एक स्वतःच्या गालाला लावून पाहिली,
मग बेंबीखाली,
आणि कळलं तरी
कुणीतरी विचारेपर्यंत
मी उत्तर दिलं नाही.